राजमाचीची वाट कुठून धरायची?

सहलीचा बेत ठरला की पहिला वाद खाण्यावरून होतो, असा माझा आजवरचा अनुभव. यंदा तसे झाले नाही. आमच्या घाटकोपरच्या वस्तीतली तीन घरे मिळून बारा माणसे पाठीवर पिशव्या घेऊन राजमाचीला जाणार, तिथे एक रात्र राहणार, एवढे पहिल्याच बैठकीत ठरले. पिठले-भाकरीवर कोणाची हरकत नव्हती. वाद झाला तो डोंगराची वाट कुठून धरायची यावर, आणि तो तीन रविवार चालला. लिहिण्यासारखे जे काही आहे ते या वादातच आहे. वाचकांपैकी कोणाला मुलाबाळांसह असे जायचे असेल तर उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. राजमाची हा लोणावळा आणि कर्जत यांच्या मधला डोंगरी किल्ला. श्रीवर्धन आणि मनरंजन हे त्याचे दोन बालेकिल्ले. त्यांच्या पायथ्याशी, डोंगरावरच, उधेवाडी नावाचे लहानसे गाव आहे आणि तिथल्या घरांतून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या जेवणाची व झोपण्याची सोय होते. या गावाला पोचायच्या दोन वाटा आहेत. एक लोणावळ्याहून तुंगार्लीवरून जाते. ती सुमारे पंधरा-सोळा किलोमीटर लांब, पण फारसा चढ नाही, बराचसा कच्चा गाडीरस्ताच आहे. दुसरी कर्जतच्या बाजूने. कर्जत स्टेशनवरून टमटमने कोंदिवडे गाव गाठायचे, तिथून चालत कोंडाणे लेणी, आणि लेणीच्या बाजूने अंगावर येणारा खडा चढ. अंतर कमी, पण छाती भरून येते.

म्हणजे एकीकडे पाय दुखणार, दुसरीकडे दम लागणार.

मी लोणावळ्याच्या बाजूने होतो. माझी कारकुनी सवय अशी की कागदावर दोन रकाने आखल्याशिवाय मला विचार करता येत नाही. लोणावळ्याच्या रकान्यात मी लिहिले: वाट चुकायची भीती नाही, कोणाचा पाय मुरगळला तर जीप येऊ शकते, लहान मुलांना चढ नाही. कोंदिवड्याच्या रकान्यात लिहिले: लोकलचे तिकीट स्वस्त, जंगलातली सावली, लेणी. लेणी मी शेवटी लिहिली होती. पत्नीने कागद बघितला आणि म्हणाली, "लेणी शेवटी कशी काय लिहिली?"

मी म्हटले, "ती काय, येताना बघू."

"येताना पोरं रडकुंडीला आलेली असतात आणि तुमचं लक्ष घड्याळाकडे असतं. येताना काहीही बघून होत नाही."

हे खरे होते, म्हणून मी गप्प बसलो.

त्या आठवड्यात या प्रश्नाचा मी जरा निराळ्या अंगाने विचार केला. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंनी लेणी कोरायला जागा निवडली ती कशी? एकांतासाठी दूर डोंगरात गेले, असे आपण मुलांना सांगतो. पण नकाशा उघडून बघावा. सोपारा, कल्याण, चौल ही त्या काळची बंदरे. तिथे उतरलेला माल घाट चढून जुन्नर, तेरकडे जायचा. आता बोरघाटाच्या खाली बघा, कोंडाणे. घाट चढून वर गेलात की कार्ले, भाजे, बेडसे. नाणेघाट चढून गेलात की जुन्नर, जिथे शहराभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत. (नाणेघाटातला नागनिका राणीचा शिलालेख यज्ञ आणि दक्षिणांचा आहे, आपल्या धम्माचा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पण त्याच वाटेने बैलांचे तांडे लेण्यांच्या दारावरून जात होते.) म्हणजे सपाटी संपून चढ सुरू होतो तिथे, किंवा चढ संपून माणूस दम खातो तिथे, नेमके तिथेच विहार आहे. थकलेल्या वाटसरूला सावली आणि पाणी हवे असते. व्यापाऱ्याला सोबत आणि सुरक्षितता हवी असते. भिक्खूंना भिक्षा देणारी वस्ती किंवा वर्दळ जवळ हवी असते आणि पावसाळ्यात वर्षावासासाठी छप्पर. सगळ्यांची गरज एकाच ठिकाणी भागते. कान्हेरीच्या शिलालेखांत पाण्याच्या टाक्याला 'पोढी' असा शब्द आहे, आणि कोणी पोढी दान दिली हे मुद्दाम कोरून ठेवलेले आहे. पाणी दान देणे हे केवढे मोठे काम समजले जाई ते यावरून कळते.

मग माझ्या लक्षात आले की आम्ही तीन रविवार जो वाद घालत होतो तो कोणीतरी फार पूर्वीच मिटवून ठेवलेला आहे. राजमाचीचा डोंगर कुठून चढायचा? कोंडाण्यापासून. ती चढाच्या तोंडावरची जागा आहे म्हणूनच तिथे लेणे आहे.

हे मी पुढच्या बैठकीत सांगितले तेव्हा मेव्हणा म्हणाला, "दाजी, म्हणजे ताईचंच खरं झालं, एवढंच सांगा की!"

निर्णय झाला तरी आईचा प्रश्न राहिला होता. आई सत्तरीची, गुडघे दुखतात. आमच्या बेतावर तिचे मत पहिल्या दिवसापासून एकच होते. "डोंगर चढायला पैसं देऊन कोण जातं रं?" डोंगर म्हणजे सरपण आणायची जागा. १९७२ च्या दुष्काळात सतराव्या वर्षी तिने सरकारी कामावर खडी फोडली, लग्न होऊन मुंबईत आल्यावर बांधकामावर डोक्यावर घमेले घेऊन बांबूच्या परातीवरून मजले चढली. उंच जागी चढणे ही तिच्या लेखी मजुरी आहे, आणि मजुरीला कोणी हौसेने जात नाही. यावर तिला काय सांगणार? मी काही सांगितले नाही. पण कोंदिवड्याची बाजू ठरली तशी ती म्हणाली, "लेणीपर्यंत येते. पुढं तुमचं तुम्ही जा." मेव्हण्याला रविवारी ड्यूटी होती, तो असाही शनिवारी संध्याकाळी परतणार होता. आई त्याच्याबरोबर परत येणार असे ठरले. लोणावळ्याची वाट धरली असती तर तिला घरीच बसावे लागले असते. माझ्या दोन रकान्यांत हा मुद्दा कुठेच नव्हता.

आता सराव. आमच्यापैकी निम्म्या लोकांनी पाठीवर ओझे घेऊन दोन तास कधी चालले नव्हते. त्यासाठी डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही कान्हेरी केली. घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी, तिथून लोकलने बोरिवली, आणि नॅशनल पार्कच्या फाटकापासून लेणीपर्यंत सहा-सात किलोमीटर पायी. आत बस असते, पण मुद्दाम चाललो. मुलुंडचा एक नातेवाईक तरुण म्हणत होता की मुलुंडच्या बाजूने डोंगर ओलांडून थेट कान्हेरीला उतरू, बोरिवलीला वळसा कशाला? नकाशावर ते सोपे दिसते. पण मधले जंगल राखीव आहे, विहार आणि तुळशी तलावांचा परिसर आहे, बिबट्यांचा वावर आहे, आणि परवानगीवाचून तिथे शिरणे गुन्हा आहे. पोराबाळांना घेऊन असले धाडस करू नये. फाटक आहे तिथूनच आत जावे. पार्क सोमवारी बंद असतो, हेही ध्यानात ठेवावे.

त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या. पहिली, शाळेचे दप्तर हीच मुलांसाठी सर्वांत चांगली पिशवी, नवीन घ्यायची गरज नाही. फक्त पट्टे लांब ठेवून पिशवी कमरेखाली लोंबू देऊ नये. दुसरी, नवी चप्पल किंवा नवा बूट घालून डोंगरावर जाऊ नये. शेजाऱ्यांच्या धाकट्या मुलीच्या टाचेला फोड आला आणि परतीच्या वाटेवर तिला तीन बायकांनी आळीपाळीने कडेवर घेतले.

एक प्रश्न मात्र मी बैठकीत काढला नव्हता. तो माझा एकट्याचा होता.

बी.कॉम.ला असताना मी मित्रांबरोबर एका किल्ल्यावर गेलो होतो. गावाचे नाव लिहीत नाही. पायथ्याच्या घरात उतरलो. घरमालकाने प्रत्येकाचे आडनाव विचारले. रात्री सर्वांना तांब्या-भांडे मिळाले आणि मला ओंजळ धरायला सांगितले. वरून पाणी ओतले. मित्रांपैकी एकाच्याही लक्षात आले नाही, किंवा आले असेल तर कोणी बोलले नाही. मीही प्यायलो, कारण तहान लागली होती. त्यानंतर अनेक वर्षे मी डोंगरात गेलो तो सकाळी जाऊन रात्री परत यायच्या बेतानेच, घरचे पाणी बरोबर घेऊन. लोकांना वाटे, याला घराची ओढ फार.

बाबासाहेबांच्या सहलीची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. १९३४ साली ते सुमारे तीस सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला बघावा म्हणून थांबले. प्रवासाची धूळ अंगावर होती, म्हणून दरवाजाजवळच्या हौदावर काहींनी हात-तोंड धुतले. तेवढ्यात मागून ओरडा झाला, यांनी हौद बाटवला! शेवटी किल्ला बघायला मिळाला, पण बरोबर एक हत्यारबंद शिपाई देण्यात आला, यांनी आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात बाबासाहेबांनी स्वतः हे नोंदवले आहे. महाडचे चवदार तळे १९२७ सालचे. त्यानंतर सात वर्षांनी हे घडले. आपल्या माणसाने सहलीला जाताना वाट निवडायची ती पाणी कोणाच्या दारात प्यावे लागेल हे बघून, हा हिशेब असा जुना आहे. माझ्या मनात तो होताच, आणि रात्रीचा मुक्काम म्हटला की पोटात गोळा यायचा.

शेवटी पत्नीला सांगितले. तिने फोन मागून घेतला आणि उधेवाडीतल्या एका घरी स्वतःच बोलली. "आम्ही घाटकोपरची माणसं. बौद्ध आहोत. आधी कोंडाण्याची लेणी बघून मग वर येणार. दहा माणसं, त्यात चार मुलं. रात्रीचं जेवण आणि झोपायची सोय होईल का?" पलीकडून बाईंचा आवाज आला, "भाकरी खाणार का पोरं, का भात जास्त लावू?" फोन ठेवल्यावर पत्नी मला एवढेच म्हणाली, "आधीच सांगून टाकलेलं बरं असतं."

जानेवारीतल्या शनिवारी पहाटेच्या कर्जत लोकलने निघालो. घाटकोपरहून कर्जतला पावणेदोन-दोन तास लागतात आणि उलट्या दिशेला गर्दी नसल्याने पहाटे बसायला जागा मिळते. साडेसातच्या सुमारास कर्जतला चहा घेतला, दोन टमटम करून कोंदिवड्याला आलो. गावातून पुढे आधी शेते, मग हळूहळू झाडी. आईच्या चालीने चाललो. वाटेत चार वेळा बसलो. लेणीला पोचायला दीड तास लागला, धट्टाकट्टा माणूस तासाभरात जाईल.

कोंडाण्याचे पहिले दर्शन झाडीतून एकदम होते. पिंपळपानाच्या आकाराची भली मोठी कमान, आणि तिच्यात लाकडी घरासारख्या कोरलेल्या तुळया. दगडात कोरताना कारागिरांनी लाकडाच्या बांधकामाची नक्कल केली आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे, म्हणजे हीनयान काळातले काम, त्यामुळे बुद्धमूर्ती नाही, स्तूप आहे. चैत्याचे पुढचे खांब तुटलेले आहेत, स्तूपाचीही पडझड झाली आहे. शेजारी विहार, तिन्ही बाजूंना भिक्खूंच्या खोल्या, आत दगडी ओटे. कमानीच्या डाव्या अंगाला एका मूर्तीचे उरलेले डोके दिसते आणि तिथे ब्राह्मी अक्षरांत कान्हाचा शिष्य बलक याने हे केले अशा अर्थाची ओळ आहे. आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले. मग मुले बलकाचे नाव शोधत बसली.

लेणीच्या समोर दरी, तिच्यात उल्हास नदी, आणि पलीकडच्या डोंगरात बोरघाटातली रेल्वे. तो लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला. खडक फोडताना आणि पटकीच्या साथीत हजारो मजूर मेले. आईने गाडीचा आवाज ऐकला आणि ते बोगदे कोणी खणले असे विचारले. मी सांगितले. "त्यांची नावं लिवलीत का कुठं?" मी म्हटले, नाही. ती पुन्हा बलकाच्या अक्षरांकडे बघत राहिली. नंतर विहारातल्या एका ओट्यावर पदर पसरून जी आडवी झाली ती तासभर झोपली. एवढी गाढ झोप तिला घरी लागत नाही.

दुपारी तिला आणि मेव्हण्याला कोंदिवड्याच्या वाटेला लावून आम्ही वर निघालो. चढाचे वर्णन करत नाही, चढ तो चढ. फक्त दोन सूचना. वाट घसरडी आहे, तेव्हा मोठ्या माणसाने मुलाच्या खाली राहावे, पुढे राहू नये. आणि माणशी दोन लिटर पाणी खालूनच भरून घ्यावे, मध्ये कुठे पाणी मिळेल या आशेवर राहू नये. पावसाळ्यात ही वाट लहान मुलांसाठी नाही. लेणीच्या तोंडावर तेव्हा धबधबा कोसळतो, लोक त्याखाली उभे राहतात, वरून दगड येतात. दिवाळीनंतर जावे. आम्हाला तीन तास लागले. उन्हे कलायच्या आत उधेवाडीत होतो.

घरमालकीण बाईंनी ओटीवर सतरंजी टाकली आणि म्हणाल्या, "माठ आत आहे. पाणी आपापलं घ्या, मी चुलीपाशी आहे." मी दारातच उभा राहिलो. माझी मुलगी नववीत आहे, तिला माझी ती जुनी गोष्ट ठाऊक नव्हती. ती सरळ आत गेली, माठावरचे झाकण काढले, ओगराळ्याने पाणी घेतले, प्यायली, आणि मग भावंडांना ओळीने पाजले. शेवटचा पेला मला आणून दिला. "थंडगार आहे, पप्पा," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे श्रीवर्धनवर जाऊन सूर्योदय बघितला. इथपर्यंत सर्व बेतासारखे झाले. परतीला मात्र माझा जुना हट्ट वर आला. चढ नको, उतारही नको, आता लोणावळ्याच्या सपाट वाटेने जाऊ. सपाट वाटेचे अंतर मी मोठ्या माणसांच्या पायांनी मोजले होते. आठ-नऊ किलोमीटरनंतर मुले खाली बसली ती उठेनात. नशिबाने पर्यटकांना सोडून रिकामी परत चाललेली एक जीप मिळाली. तिला मोजलेले पैसे म्हणजे आम्हा सर्वांच्या कर्जतच्या तिकिटांच्या कितीतरी पट. लोणावळ्याला मुंबईची लोकल नाही, लांब पल्ल्याच्या गाड्या, आणि रविवारची संध्याकाळ. जनरल डब्यात ठाण्यापर्यंत एका पायावर उभे राहून आलो. कर्जतला उतरलो असतो तर तिथूनच सुटणाऱ्या लोकलमध्ये मुलांना झोपायला जागा मिळाली असती. तेव्हा माझा सल्ला असा, की ज्या तोंडाने चढलात त्याच तोंडाने उतरा. उतार गुडघ्यांवर येतो हे खरे, पण सकाळी लवकर निघून सावकाश उतरावे. सगळ्यांनाच पुरा दिवस चालायचा सराव असेल तरच लोणावळ्याची बाजू धरावी.

घरी पोचलो तेव्हा आई जागी होती. मुलांनी फोनमधले फोटो दाखवले, मनरंजन, तलाव, माठ असलेले घर. तिने ते बघितले आणि विचारले, "दुसरी लेणी कुठली म्हणत होतास, गाडीनं जायची?"

"भाजे. लोणावळ्याच्या पुढं मळवली स्टेशन. तिथून जवळच. पायऱ्या आहेत वर जायला."

"किती हायेत? तेवढ्या कोणाला तरी नीट विचारून ठेव," ती म्हणाली आणि गुडघ्याला तेल लावायला बसली.